मामांचा अनवाणी संघ

एका शुक्रवारी माझे सासरे बहारीनला आले. त्या दिवसापासून आमच्या घरात फुटबॉल सुरू झाला.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. तरुणपणी ते कॉलेजच्या संघात होते. त्या संघाने एका हंगामात गोऱ्या पलटणींना हरवून ढाल जिंकली होती, आणि तीही अनवाणी खेळून. नुसत्या पट्ट्या बांधलेल्या पायांनी बूटवाल्यांना कसं हरवलं असेल, याचं मला फार कुतूहल. (मी पुस्तकातला माणूस, चेंडूशी माझा संबंध शब्दकोड्यापुरता.) मी एकच प्रश्न विचारला. उत्तर कित्येक दिवस चाललं.

ही हकिगत मी आमच्या हूरा वस्तीत दाऊदला सांगितली. दाऊद रत्नागिरीचा, आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आणि कोकणातल्या पोरांच्या संघाचा कॅप्टन. बहारीनमधल्या स्पर्धेत त्यांचा संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला होता. तो मामांना भेटायला आला आणि शिष्य होऊन परतला. बुटातल्या पायाला चेंडू कळत नाही, असं मामांचं म्हणणं. भातखाचरांत अनवाणी खेळून वाढलेल्या पोरांना ते लगेच पटलं. ज्यांना पटलं नाही, त्यांची वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. सराव संध्याकाळी, गार वाळूत होई. पोरं वाऱ्यासारखी पळत. मामा डोळे पुसत.

"बाबांना एकदा पुन्हा जिंकलेलं बघायचंय," माझी बायको सुमन मला म्हणाली. (जणू गोल मीच करणार होतो!)

फायनल होती मे महिन्यात, भर दुपारी, सनद गावाजवळच्या खडीच्या मैदानावर. तिथे त्या वेळी पापड भाजता आला असता. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शिट्टी वाजली आणि आमचा संघ नाचू लागला. समोरच्यांना ही एखादी नवी चाल वाटली. ते बिचकून मागेच राहिले, म्हणून मध्यंतरापर्यंत बरोबरी टिकली. मग एकेक जण बादलीत पाय घालून बसू लागला. राखीव खेळाडूही अनवाणीच होते.

"काका, पाय खलास," दाऊद म्हणाला. "एक तरी माणूस द्या ओ."

मामांनी सगळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, उतरा."

"अनवाणी?"

मामा दुसरीकडे बघत पुटपुटले, "बूट राहू द्या."

जन्मभराच्या तत्त्वाला त्यांनी मुरड घातली होती. मी ऑफिसच्या बुटांनिशी उतरलो. खेळ संपत आला तेव्हा दाऊदने लंगडत लंगडत चेंडू थेट माझ्यापुढे आणून ठेवला. समोर फक्त गोलकीपर. मी डोळे मिटून लाथ मारली. गोलकीपरने सुरेख झेप घेतली आणि माझा बूट झेलला. चेंडू होता तिथेच होता. तो त्यांच्या माणसाने पळवला आणि मी एका पायावर उड्या मारत बूट परत मागत होतो, तोवर दुसऱ्या टोकाला गोल झाला.

परतताना मामा आणि सुमन गाडीत मागे बसले. मामांना जिंकलेलं बघायचं होतं आणि मी सामना घालवला होता. माफी मागायला मागे वळलो, तर त्यांचा चेहरा उजळलेला.

"बघितलंस सुमन? तरी मी सांगत होतो, बूट नकोत!"

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला मी त्यांच्या गावी गेलो. पंगतीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि हळूच विचारलं, "बूटवाले जावई ते तुम्हीच का?"

मी हो म्हणालो. मामा नाहीत. त्यांची ढाल कॉलेजात आहे. गावात माझं एवढं नाव राहिलं आहे.