लॅमिनेशन केलेली एरर

वाशिममधल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी प्रवेशाची वेबसाइट मी पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिली होती. काही बिघडलं की पडद्यावर इंग्रजीत एरर यायची, खाली फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. पालक तिचा फोटो काढून मला पाठवायचे आणि मागोमाग फोन करायचे. जेवताना फोन आला की माझं डोकं फिरतं.

म्हणून मी बंदोबस्त केला. कुठलीही चूक झाली की माझा कोड ती मधल्यामध्ये पकडणार, तपशील लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवणार आणि समोरच्याला शुद्ध मराठीत सांगणार: ‘आपली माहिती आमच्यापर्यंत पोहोचली आहे. कृपया प्रतीक्षा करावी. धन्यवाद.’ वर वसतिगृहाचं बोधचिन्ह. फोन बंद झाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. लॉग उघडून बघायची गरजच पडली नाही.

प्रवेशयादी लागल्यावर तिसऱ्या दिवशी मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचे गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या खोलीवर आले. त्यांनी पिशवीतून माझ्या त्या ‘धन्यवाद’वाल्या पानाची प्रिंट काढली. लॅमिनेशन केलेली.

“पावती हाय आमच्यापाशी. यादीत नाव काहून नाही?”

“ही पावती नाही. अर्ज गेला नाही, असा अर्थ आहे त्याचा.”

“कुठी लिवलं हाय तसं?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. “थांबा म्हणलं त्यात, तं थांबलो आमी,” ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता. त्यांनी चढवला नाही.

मी लॉग उघडला. वेबसाइटवर मी गावांची यादी टाकली होती, तीत तांडे नव्हतेच. गाव सापडलं नाही की अर्ज अडायचा आणि अर्जदाराचे आभार मानले जायचे. मुलीचा अर्ज तारीख-वेळेसकट तिथे पडून होता. मुदतीच्या आतला.

“हे सगळं तुमच्यापाशी होतं?” मुलीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मंग वाचलं काहून नाही?”

मला लाज वाटली. फोनचा त्रास वाचला एवढंच मी पाहिलं होतं. लॉगच्या त्या पानाची प्रिंट काढून आम्ही तिघं वसतिगृहात गेलो.

गृहपाल मॅडमनी तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “एकच खाट शिल्लक आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मुलीचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं. वडील मला हात जोडायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं.

मुलगी अजून लॉगची ती प्रिंटच वाचत होती. तिचं बोट स्वतःच्या नावावरून खालच्या, तसाच अडलेल्या अर्जातल्या नावावर आलं.

“हे तं माह्या वर्गातली हाय,” ती म्हणाली. “इच्या मायनं पेटी भरून ठेवली हाय.”