मामांची गाडी आणि माझं टॉप मॉडेल

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला होता.

तर माझ्या बायकोचे मामा कुळगावचे. घरची शेती, आणि आता बांधकामाला रेती-खडी पुरवायचा धंदा. धंदा बरा चालला, म्हणून मामांनी लक्झरी गाडी घ्यायचं ठरवलं. फार अवाढव्य नाही, मधल्या आकाराची. पण लग्नाच्या हॉलसमोर लावली की पाहुण्यांनी विचारलं पाहिजे, ही कोणाची? त्या गाडीत तीन मॉडेलं. बेस, मधलं आणि टॉप. कुठलं घ्यायचं हे ठरवायला मामांनी मला बोलावलं.

मलाच का? चूक माझीच हो! मी अंबरनाथला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. माझ्या स्वतःच्या गाडीची मागची काच हातानं ओढून वर करावी लागते. पण मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून मी प्रत्येक लग्नात असा बोलत सुटतो, की गाडी मीच बनवली असं वाटावं.

"मना गारीतला काय बी कलत नाय, जावयबापू," मामा म्हणाले. मामांच्या तोंडी गाडीची गारीच होते. "तुमी बोलाल तीच घ्यायची."

झालं! छाती फुगवून मी मामांना घेऊन उल्हासनगरच्या बाजूच्या एका शोरूमला गेलो. बेस बघितलं, नाक मुरडलं. मधलं बघितलं, "ठीक आहे," म्हणालो. सेल्समन पोरगा बिचारा नम्र. म्हणाला, "सर, टॉप मॉडेल बाहेर लावलंय. काळी गाडी, एसी चालू आहे. तुम्ही बसा, मी लायसन्सची झेरॉक्स काढून आलोच."

बाहेर आलो. समोर काळी गाडी. एसी चालू. मागच्या काचांना जाळीचे काळे पडदे. आता मला सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे? इमारतीच्या मागच्या बाजूलाही एक काळी गाडी उभी असेल, असं कोणाच्या मनात येईल?

मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी. पोरगा काही येईना. मी म्हटलं, "मामा, तोवर एक चक्कर मारू." गेट उघडं होतं. वॉचमननं तर सलामच ठोकला!

गाडी रस्त्यावर आली आणि माझं तोंड सुटलं. "बघा मामा, सस्पेन्शन! खड्डा कळला?"

"नाय कलला." मामांनी कान टवकारले. "पन ह्यो घुर्रघुर्र आवाज कसला येतंय?"

मलाही ऐकू आला. मागून येत होता. पण तज्ज्ञाला माहीत नाही असं असतं का? म्हटलं, "मागच्या सीटला मसाज असतो ना, तो चालू राहिलाय. फक्त टॉप मॉडेलला येतो."

मामांनी मान डोलावली. तेवढ्यात आवाज थांबला आणि मागून एक बारीक, थरथरता सूर आला, "पुट, थधि लगे थी..."

मामा दचकले. "कोन बोल्ला?"

"गाडी बोलली," मी म्हटलं. "थंडी वाजते म्हणतेय. हल्ली गाड्या बोलतात. आणि बघा, सिंधीतून! उल्हासनगरसाठी खास सोय." मग मी ऐटीत हुकूम सोडला, "टेंपरेचर बढ़ाओ!"

"अरे मुए, बढ़ाओ नहीं, बंद कर!" गाडी खेकसली.

"गारी तापट दिसतेय," मामा हळूच म्हणाले.

आणि मग दोन सीटांच्या मधून एक हात आला. सुरकुतलेला, सोन्याच्या बांगड्यांसकट. त्यानं खटकन एसी बंद केला आणि परत मागं गेला.

मामांचा चेहरा पांढराफटक. "जावयबापू... ह्यो हात कुठल्या मॉडेलमदी येतंय?"

मी करकचून ब्रेक मारला. मागं वळून बघतो तर शाल पांघरलेली एक म्हातारी! मी किंचाळलो. मला बघून ती किंचाळली. मामा तर दोघांच्याही वर!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर घेतला. पलीकडून तिचा मुलगा ओरडत होता, "अम्मा! अपनी गाड़ी चोरी हो गई!"

"चोरी कहाँ? मैं तो गाड़ी में बैठी हूँ."

"चला कौन रहा है?"

अम्मांनी मला खालून वर न्याहाळलं. "पता नहीं. कोई डरपोक है."

मी गाडी वळवली. डोक्यात एकच चित्र. उद्याच्या पेपरात माझा फोटो, खाली 'वृद्धेचं अपहरण', आणि बायको तो फोटो तिच्या आईला दाखवतेय.

शोरूमच्या गेटवर मुलगा, रडकुंडीला आलेला सेल्समन आणि मघाशी सलाम ठोकणारा वॉचमन. मुलानं पोलिसांसाठी फोन हातात घेतलेलाच होता. तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला कापडाचा व्यापारी. सर्व्हिसिंगचं विचारायला आत गेला होता आणि आई झोपली म्हणून एसी चालू ठेवला होता. मी हात जोडले. घडलं ते सगळं सांगितलं, मसाजसकट.

मग अम्माच हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. त्यांचं बघून मुलगा हसला, मग सेल्समन, मग वॉचमन. अहो, माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की मी तिथंच पायरीवर बसलो! पोलीस नाहीत, पेपर नाही, काही नाही. वर मुलानं माझ्यासाठी पाणी मागवलं. बाटली देताना कानाशी येऊन म्हणाला, "भाईसाब, एक बात बोलूँ? मेरी वाली बेस मॉडेल है."

मामांनी ते ऐकलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ अम्मांना म्हणाले, "अम्मा, आप जरा तिनों में बैठ के बताव ना."

अम्मा बसल्या. तिन्ही गाड्यांत, पाय पसरून. मधल्या मॉडेलला थोपटून म्हणाल्या, "ये ले. टॉप वाली में बटन बहुत हैं, आराम इतना ही है."

मामांनी मधलंच घेतलं. गाडी घरी न्यायच्या दिवशी मलाही बोलावलं, मनाचा मोठेपणा बघा! मी नवा शर्ट घालून गेलो. अम्माही आल्या होत्या, नारळ घेऊन. पूजा झाली, नारळ फुटला, मी रुबाबात पुढचं दार उघडलं.

मामांनी दारावर हात ठेवला.

"जावयबापू, तुमी मागं बसा. पुढं अम्मा बसनार हायेत. रस्त्यात काय इचारायचं झालं, तर जानकार मानूस जवल पायजे ना!"