दाबायचं, बोलायचं नाही

देवरीत बसस्टँडसमोर घनश्याम शहारेचं दुकान आहे. मिक्सर न्या, पंखा न्या, मोबाईल न्या, तो सगळं दुरुस्त करून देतो. फक्त वायरलेसचा सेट टेबलावर ठेवला की हात मागे घेतो आणि म्हणतो, "हे आपल्याकडून नाही होत." नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, येत नसेल बिचाऱ्याला. येत नसेल? अहो, ह्या माणसाइतकं वायरलेसचं वेड सगळ्या गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हतं. जुने लोक हा विषय निघाला की चहा संपवतात आणि उठतात.

नव्व्याण्णव साली नागपूरला परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना काढला. त्याआधी वर्षभर घरात मोर्सची टकटक चालायची. बायको वच्छला म्हणायची, लोक घरात पोपट आणतात, ह्याने सुतारपक्षी आणला. त्याच वर्षी ओडिशात मोठं वादळ झालं, तारा तुटल्या, फोन मेले, आणि परवानाधारक हौशी लोक आपल्या सेटवरून गावोगावचे निरोप देत राहिले. घनश्याम दुकानात बसून ते ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, की इतक्या दूरचा निरोप मला कळतो आणि आमच्याच तालुक्यातल्या कोसमडोंगरीला कुणाला साप चावला तर देवरीला आधी प्रेत येतं, मग बातमी येते. हे त्याला फार लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

अडचण डोंगरांची होती. हातातल्या लहान सेटचा आवाज सरळ जातो, डोंगर आडवा आला की तिथेच संपतो. त्यावर इलाज एकच, डोंगराच्या माथ्यावर रिपीटर. म्हणजे एक डबा, जो एका बाजूने ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने तेच जोराने बोलतो. सांगायला सोपं आहे. खरं काम हे, की त्याच्या स्वतःच्या ओरडण्याने त्याचा स्वतःचा कान बधिर होऊ द्यायचा नाही. त्यासाठी घनश्यामने तांब्याच्या जाड नळ्यांचे लहरी गाळणारे डबे केले, कापले, झाळले, पुन्हा कापले. टॅक्सीतले दोन भंगार वायरलेस सेट घेतले. गोंदियाच्या राइस मिलवाल्या हिमांशू अग्रवालने, तोही परवानावाला, सोलरची पाटी आणि ट्रकची बॅटरी दिली आणि दिल्लीच्या कागदांमागे स्वतः धावला. परवानगी आली तेव्हा हिमांशू म्हणाला, "घनश्यामभाई, टॉवर तो लग जाएगा, पर उस जंगल में संभालेगा कौन?"

सांभाळायला श्यामलाल मडावी मिळाला. कोसमडोंगरीच्या पायथ्याशी चार घरांचा टोला, त्यातलं शेवटचं घर त्याचं. बायको सुशिलाबाई, लेकरू नव्हतं. माणूस उंच, कमी बोलणारा, डोंगराचा प्रत्येक दगड पायाखालचा. खांबासाठी खड्डा खणण्याआधी त्याने डोंगरावरच्या देवाला विचारलं, नारळ फोडला, कोंबडी दिली. घनश्याम बौद्ध घरचा, देवाला मानणारा नव्हे. पण श्यामलालला मानत होता, म्हणून टोपी काढून बाजूला उभा राहिला आणि नंतर कोंबडीच्या रश्श्याला नाही म्हणाला नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पडलेली वीज जमिनीत उतरवणारी पट्टी गाडली, लोखंडी पाइप उभा केला, चारी बाजूंनी तणावे ताणले. घनश्यामने देवरीला जाऊन सेटचं बटण दाबलं आणि डोंगरावरून उत्तर आलं. बटण सोडल्यावर रिपीटर एकदम गप्प बसत नाही, थोडा वेळ सूं करत राहतो. त्याला हे लोक शेपूट म्हणतात. ते शेपूट ऐकून घनश्याम दुकानात एकटाच रडला.

त्यानंतरचे दिवस चांगले जायला हवे होते. पण तो मुलूख तसा नव्हता. तिथे दिवसा पोलीस येत आणि संध्याकाळी जंगलातले बंदूकवाले. एकदा जंगलातले काही लोक डोंगर चढून आले, डब्यापाशी बसले, श्यामलालकडे पाणी मागितलं, आणि हे कशाचं आहे म्हणून विचारलं. श्यामलालने सांगितलं, देवरीच्या मिस्त्रीचा रेडिओ आहे. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पाणी पिऊन गेले. ही गोष्ट श्यामलालने घनश्यामला सांगितली तेव्हा घनश्यामला तेच जास्त खटकलं. रागावले असते तर कळलं तरी असतं.

पाठोपाठ ठाण्यातून बोलावणं आलं. नवे साहेब सभ्य होते, चहा पाजला. म्हणाले, तुमचा परवाना आम्ही पाहिला, ठीक आहे. पण जंगलात मध्यंतरी एक सेट सापडला. तुमच्या त्या डब्यावर कोण कोण बोलतं ते आम्हीही ऐकत असतो. परवाना नसलेला एक जरी आवाज ऐकू आला, तर आधी डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला उचलावं लागेल. तुमच्याकडे नंतर येऊ.

घनश्याम घरी आला तो पाचावर धारण बसलेला. स्वतःची भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती श्यामलालची होती. हे सगळं आपल्या वेडापायी त्या माणसाच्या दारात आलं. आपण देवरीत, चार लोकांत. तो तिथे एकटा, इकडे आड आणि तिकडे विहीर. एखाद्या दिवशी आपला डबा श्यामलालचा जीव घेईल, हे त्याच्या डोक्यात बसलं ते निघेना. वच्छला म्हणाली, काढून टाका मग तो खांब. तो म्हणाला, काढला तर साप चावायचे थांबतील का?

म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या, दोन्ही श्यामलालच्या जिवासाठी. पहिली ही, की रिपीटरला एक छुपी किल्ली बसवली. दुकानातल्या सेटवरून ठरलेले आकडे दाबले की डोंगरावरचा डबा बंद पडे. परत चालू करायला मात्र डोंगर चढावा लागे. तसं त्याने मुद्दामच केलं, म्हणजे कुणी चोरून आकडे ऐकले तरी दुसऱ्याला तो चालू करता येऊ नये.

दुसरी गोष्ट टोल्यावर जाऊन केली. चाचणीसाठी एक लहान सेट श्यामलालच्या घरी ठेवलेला होता. घनश्यामने नवराबायकोला समोर बसवलं आणि जितक्या कडकपणे त्याला बोलता येत होतं तितक्या कडकपणे बजावलं. रोज सकाळी एकदा हे बटण दाबायचं, एकदाच, म्हणजे मला दुकानात शेपूट ऐकू येईल आणि डबा जिवंत आहे हे कळेल. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. परवाना माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. बोललात तर पोलीस श्यामलालभाऊंना घेऊन जातील, आणि तिथून ते केव्हा परत येतील ते मी सांगू शकणार नाही. मग तो सुशिलाबाईकडे वळला, कारण ती सेटकडे जरा जास्तच कौतुकाने बघत होती. "वैनी, तुमालेबी सांगतो. काहीबी झालं तरी बोलाचा नाही." सुशिलाबाईने कानाला हात लावले.

खरं म्हणजे कायद्याने दाबायचीही परवानगी नव्हती. पण घनश्यामने मनाशी एक पळवाट काढली होती, की आवाज म्हणजे गुन्हा आणि नुसती खट म्हणजे चाचणी. आमच्याकडे असं चालतं. कायदा जेवढा भीतीचा तेवढा पाळायचा, बाकीचा सोयीने. आणि मग अडीअडचणीला निरोप कसा द्यायचा, हे त्या बैठकीत कुणीच विचारलं नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तेच राहून गेलं. घनश्यामला वाटलं, गरज पडली तर तेव्हा बघू. भीती अशी असते, ती माणसाला जवळचं दिसू देत नाही.

दोन वर्षं रोज सकाळी खट व्हायची, सूं व्हायचं, आणि घनश्याम शटर पूर्ण वर करायचा.

मग दोन हजार चारचा एप्रिल आला. मोहफुलं गळायचे दिवस. टोल्यावरचे लोक उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडांखाली जात, म्हणून सकाळची खट जरा उशिरा येऊ लागली होती. त्या दिवशी ती आलीच नाही. घनश्यामने एका टीव्हीचं काम हातात घेतलं पण लक्ष सेटकडे. ऊन चढलं. आणि एकाएकी खट झाली. पुन्हा खट. मग खट खट खट, थांबून थांबून, घाईघाईने, कसलाही ताल नसलेली.

श्यामलाल कधी असं दाबत नसे. घनश्यामने माईक उचलला, परवान्यावरची आपली ओळखखूण सांगितली आणि विचारलं कोण आहे. उत्तर नाही. नुसती खट. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "श्यामलालभाऊ, तुमी आहा का? असाल त एकदाच दाबा."

मग एक खट आली, आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी, थांबेचना.

एकदाच दाबा म्हटल्यावर श्यामलालने एकदाच दाबलं असतं. म्हणजे हा श्यामलाल नव्हे. कुणीतरी आहे, जो ऐकतो आहे, ज्याला आपलं बोलणं कळतं आहे, आणि जो बोलत नाही. सेट जंगलातल्या त्या लोकांच्या हातात गेला. आणि आपण मूर्खासारखं श्यामलालचं नाव हवेत बोललो. आता हे नाव जंगलातल्यांनी ऐकलं, ठाण्यातल्यांनीही ऐकलं. आणखी थोडा वेळ ही खटखट चालली तर पोलिसांची गाडी निघेल, ती टोल्यावर पोहोचेल, आणि तिथे हे दुसरे बसलेले असतील, आणि मधे श्यामलाल असेल.

त्याने आकडे दाबले. सेटमधली सूं तुटली. दुकानात फक्त पंख्याचा आवाज राहिला.

वच्छला आतून आली, त्याचं तोंड बघून घाबरली. त्याने सगळं सांगितलं आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. तिने किल्ली हातातून काढून घेतली. आज तिकडे जाल तर दोघांच्या मधे सापडाल, असं म्हणाली, आणि ती काही चुकीचं म्हणत नव्हती. तो बसला. अर्धं शटर खाली ओढून, गिऱ्हाइकाला परत पाठवत, दिवसभर बसला. आपण श्यामलालला वाचवलं, असं तो मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होता. दर खेपेला ते थोडं कमी खरं वाटत होतं.

दिवस मावळायला चिचगडकडून येणारी बस लागली. कंडक्टर ओळखीचा, दुकानाशी थांबून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या टॉवरवाल्या मडावीले अस्वलानं फाडला ना. खाटेवर घेऊन फाट्यापर्यंत आणला होता. गाडीत टाकला आम्ही, पण जीव इथपर्यंत नाही पुरला."

घनश्याम दवाखान्यात गेला तो चालत गेला की धावत, हे त्याला आजही सांगता येत नाही. व्हरांड्यात टोल्यावरची दोन माणसं उकिडवी बसली होती. भिंतीशी सुशिलाबाई होती. लुगड्यावर रक्त वाळलेलं. हातात तो लहान सेट तसाच धरलेला, अंगठा बटणावर.

तिने हळूहळू सांगितलं. मोह वेचताना अस्वल श्यामलालच्या अंगावर आलं. तिने टोपली फेकली, ओरडली, तेव्हा ते गेलं. मांडीतून रक्त थांबत नव्हतं. टोल्यावर कुणी नव्हतं, सगळे जंगलात पांगलेले, म्हणून तिनेच त्याला ओढत घरी आणलं. मग सेट घेतला. मिस्त्रीचा आवाज आला तेव्हा तिला धीर आला. मिस्त्रीने विचारलं तसं तिने दाबलं, आणि एकदा दाबून कसं कळेल म्हणून आणखी दाबलं. श्यामलाल तेव्हा बोलत होता. म्हणत होता, मिस्त्रीने ऐकलं आहे, आता जीप पाठवेल. दोघं जीपची वाट बघत बसले. माणसं गोळा होऊन खाट उचलली गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मग ती म्हणाली, "पण मंग डबाच मुका झाला, भाऊजी. यानं बॅटरीत पाणी टाकला नसन. मोहाच्या गडबडीत भुलला असन. त्याचीच चूक होय."

एवढं तिने त्याच्या हातात आयतं दिलं होतं. घनश्यामने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. त्याला तो मोह झाला, हेही त्याने पुढे वच्छलेला सांगितलं. पण आतमध्ये श्यामलाल चादरीखाली होता, आणि मेलेल्या माणसावर ते ढकलणं त्याच्याने झालं नाही.

"बॅटरी चांगली होती, वैनी," तो म्हणाला. "डबा मी बंद केला."

सुशिलाबाईला पहिल्यांदा समजलंच नाही. मग कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर भीती होती, आपल्याकडून काही मोठी चूक झाली की काय अशी.

"काऊन?" तिने विचारलं. "मी त एक शब्द नाही बोलली."