फटफटीचं पाणी कोण पीत होतं?

नांदेडच्या दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन आला, "अप्पा गेले..." आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "नीट बघितलंत का?" सुनेनं असं म्हणावं हे वाचून कुणाला कसंतरी वाटेल. वाटू द्या. माझे सासरे सिद्रामप्पा, साऱ्या अहमदपूरचे अप्पा आणि माझे मामा, आजारपणात डोळे मिटून निपचित पडायचे आणि घरात कोण काय बोलतंय ते ऐकायचे. एकदा नणंदबाईंनी उशाशी बसून गळा काढला, तर मामांनी एक डोळा उघडला. "रडायलीस ते ठीक हाय, पण कपाटाकडं का बघायलीस?" आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. विभूती लावून, हार घालून मामांना भिंतीशी टेकवून बसवलं, तेव्हासुद्धा मला वाटत होतं, ऐकायलेत. एकेकाला नंतर धरणार.

त्यांच्या संशयातून कुणी सुटलं नव्हतं. लातूर नवा जिल्हा झाला, लोकांनी पेढे वाटले, कचेरीच्या कामाला आता उस्मानाबाद गाठायला नको म्हणून. मामांनी पेढा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "सरकार आपण होऊन जवळ यायलंय म्हणजे काहीतरी न्यायचं असणार." त्याच सुमारास मी लोह्याहून लग्न होऊन ह्या घरात आले. दुष्काळ होता. शेतातली विहीर कोरडी ठाक, त्यामुळं विहिरीवरचं डिझेल इंजन नुसतं पडून. मामांची जुनी फटफटी पेट्रोल फार पिते म्हणून त्यांनी हमीदभाई फिटरकडून तेच इंजन तिच्यावर चढवून घेतलं. इंजन पाण्यावर थंड होणारं, म्हणून भंगारातल्या गाडीचा रेडिएटर पुढं बांधला. आवाज असा की म्हशी दावं तोडायच्या. मामा मात्र राजासारखे बसायचे. विहिरीनं पाणी देणं बंद केलं आणि तिचं इंजन आमच्या टँकरच्या पाण्यावर हिंडायला लागलं, असा सगळा उलटा कारभार!

आठवडाभरात रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. संध्याकाळी मामांनी गळ्यापर्यंत भरावं आणि सकाळी बघावं तर खाली गेलेलं. गाडीखालची फरशी कोरडी, एक थेंब नाही. रबरी नळ्या चाचपल्या, पट्ट्या आवळल्या, झाकणाचं वायसर बदललं. तरी तेच. मग मामांनी गाडीकडं बघायचं सोडलं आणि माणसांकडं बघायला लागले. अंगणाला आतून कडी. घरात तिघंच. मुलगा तर स्वतःचा. राहिलं कोण?

त्यात माझा मोगरा. माहेरून डब्यात लावून आणलेला. गावभर झाडं वाळलेली आणि ह्याला कळ्या! मी तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, दुसरं काय घालणार? मामा रोज त्याच्यापुढं उभे राहायचे, हात मागं बांधून. "दुष्काळात फुलायलाय... नशीबवान झाड हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नव्या घरात अजून धड रुळले नाही आणि कपाळी चोरीचा आळ, तोही पाण्याच्या चोरीचा, जेव्हा गल्लीत घागरीवरून डोकी फुटत होती.

एके संध्याकाळी त्यांनी रेडिएटरच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली. हात लावला की पुसणार, वर महादेवाचा कोप. सकाळी विभूती जशीच्या तशी आणि पाणी खाली. मी म्हटलं, सुटले बाई. तर मामा शांतपणे म्हणाले, "विभूती परत लावता येती. देवघर तर तुझ्याच हातात हाय." आता काय करावं ह्या माणसाला!

शेवटी लातूरच्या नव्या कचेरीत त्यांचं काम निघालं आणि मला म्हणाले, "तू पण चल." मला फिरवायला नव्हे, चोर नजरेसमोर असावा म्हणून. माझ्यादेखत पाणी भरलं, झाकण आवळलं, मी पदर खोचून मागं बसले. चाकूरच्या अलीकडंच इंजन तापून अडखळायला लागलं, मागून पांढरा धूर. उतरून फडक्यानं झाकण धरून जपून उघडलं, तर आत खडखडाट. मी भर रस्त्यात कमरेवर हात ठेवले. "तुम्हीच भरलं, मी मागं बसलेली. आता सांगा की मामा, कुणी प्यालं?" ते रस्त्याकडं वळून बघत राहिले, ओल शोधत. म्हणाले, "हं." एवढंच.

टेंपोत घालून गाडी हमीदभाईकडं आणली. त्यांनी आधी विचारलं, "अप्पा, तेल किती खातंय?" मामा अभिमानानं, "खात न्हाई. उलट वाढल्यासारखं दिसतंय." हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाचा चहा! पाणी बाहेर गळतच नव्हतं, आत तेलात उतरत होतं. इंजनचं हेड खोललं तेव्हा त्याखालचं, सांधा बंद ठेवणारं गॅस्केट पाण्याच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत जळलेलं. मी घरी ऐकलं आणि देवाला साखर ठेवली.

जेवताना मामा म्हणाले, "थोडं गॅस्केटनं नेलं."

थोडं! मी किती वर्षं तो शब्द चघळत बसले. एकदा न राहवून विचारलं, "मग बाकीचं?" तर म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलंय का?" गाडी भंगारात गेली, मला नातवंडं झाली, शेवटच्या दुखण्यात माझ्या हातचंच औषध घेत होते, पण ते बाकीचं पाणी माझ्या नावावरून त्यांनी काही काढलं नाही. फार राग होता माझा त्यांच्यावर. माया होती म्हणूनच होता.

समाधीनंतर चार-सहा दिवसांनी हमीदभाई भेटायला आले. आता काठी टेकत चालतात. निघताना उंबऱ्यात थांबले. "बेटी, एक बात सांगायची राहिली. हेड खोललं त्या दिवशी अप्पा माझ्या दुकानात रडले. म्हणाले, पोरीवर उगं आळ घेतला. पण तिला सांगू नको हमीद, एकदा चुकलो म्हणलं की घरात माझं कोण ऐकतंय?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं आणि विचारलं, "खुदा कसम?"

"खुदा कसम, बेटी."

ते गल्लीच्या वळणापर्यंत जातात न जातात तोच मन फिरलं. मामा रडले? कधी? साक्षीदार एकच, तोही जिगरी दोस्त. इतकी वर्षं गप्प बसले आणि आत्ताच कसं आठवलं? माझं तोंड बघून गोड बोलले असतील...

रविवारी हमीदभाईंना जेवायला बोलावलंय. परत एकदा विचारणार आहे, अगदी पहिल्यापासून. शब्द तेच निघतात का बघते. तेच निघाले तर मानीन. आणि नाही निघाले, तरी शेवटपर्यंत सांगू देईन.