खिडकीखालची हजेरी

फेब्रुवारी १९७२. गैरहजेरीमुळे ज्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं, त्यांची यादी मी कॉलेजच्या कचेरीत टाइप करत होते. लेडीज रूमच्या शिपाईबाई न विचारता आत आल्या, टाइपरायटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, त्या पाथर्डीकडच्या पोरीचं नाव हाय का यात?"

हात ठेवणं ही त्यांची रीत. फायलीवर, घंटेवर, भांडणाऱ्या मुलींच्या डोक्यावर. आधी हात, मग बोलणं. सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणे, प्राचार्यसुद्धा.

"आहे. ती वर्गात येतच नाही."

"येती की. खिडकीखाली बसती."

तुम्ही त्या काळी नगरला शिकला असाल तर आठवेल. मुली तासापूर्वी लेडीज रूममध्ये बसत, सर निघाले की त्यांच्यामागून रांगेनं वर्गात शिरत. एकटी मुलगी आत आली की मुलं बाकं वाजवत. ही ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी मावशी लेडीज रूमच्या दारातून ओरडल्या होत्या, "सरका गं, जागा हाय!" मुली सरकल्या, पण इतक्या, की हिच्या दोन्ही बाजूंना हातभर बाक मोकळं राहिलं. वर तिच्या बोलण्याच्या नकला. दुसऱ्या दिवसापासून ती लिंबाखाली थांबू लागली आणि रांग आत गेली की वर्गाच्या खिडकीखाली.

"मग इतके महिने सांगितलं का नाही?" मी चिडलेच.

"मला वाटलं, ऐकू आलं म्हंजी हजेरी लागती."

मी यादी तशीच टाकून उठले. आम्ही खिडकीकडे गेलो. मुलगी दचकून उठली. तिची वही मी सरळ काढून घेतली. अर्थशास्त्राचा एकेक तास, तारीखवार. सरांचे विनोदसुद्धा उतरवलेले. अर्थशास्त्र प्राचार्य स्वतः शिकवत. त्यांनी वही चाळली, आपलाच विनोद वाचून हसले आणि म्हणाले, "उद्यापासून वर्गात बसणार असेल तर यादीतून नाव काढा."

उद्या उजाडला. सरांच्या मागे मावशी, मावशींनी मनगट धरलेली मुलगी, मागून बाकीच्या. मी व्हरांड्यात उभी होते. बाकं वाजलीच. मावशी वळल्या.

"वाजवा, वाजवा! लगीन कुनाचं हाय म्हनं?"

मुलं हसली आणि गप्प झाली. मावशी तासभर तिच्या शेजारी बसल्या, त्यातला अर्धा तास डुलक्या घेत. बाहेर येऊन म्हणाल्या, "लई बोलत्यात सर."

दुपारी शहरातल्या दोघी तिची वही मागायला आल्या. परीक्षा जवळ आली होती, दुसरं काय! "अगं, तुझ्याकडे सगळंच आहे की!"

"घ्या. पर उद्या मागारी आना," ती म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

त्या उन्हाळ्यात मावशी लेकीकडे शेवगावला गेल्या, त्या गेल्याच. पण त्याआधीही वर्गात त्यांना पुन्हा जावं लागलं नाही.

वही दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं नाव नसलेली नवी यादी घेऊन नोटिशीच्या फळ्याकडे निघाले. सर व्हरांड्यात आले होते, मुलगी लिंबाखालीच उभी, आणि मावशी स्टुलावर निवांत.

"मावशी, उठा. तिला न्यायचंय ना?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात रांगेतली एक लिंबाकडे तोंड करून ओरडली, "अगं ए, चल की! सर निघाले!"

ती चप्पल सावरत धावली आणि रांगेच्या मधोमध शिरली. मी यादी फळ्यावर लावली आणि चारही टाचण्या घट्ट दाबल्या.