पत्र्यावरची अक्षरं

टेक्सासच्या डोंगराळ मुलखात ओतिलिया क्नॉपनं चाळीस वर्षं शेळ्या राखल्या, पण हुकूम कुणाचा मानला नाही. एका दुपारी काउंटी कचेरीतला डेल्विन तिच्या गोठ्यापुढं येऊन उभा राहिला.

"मिस ओतिलिया, गोठ्यावरचा हा दिवा उघडा चालायचा नाही. वरून टोपण बसवा. पलीकडच्या लष्करी तळावरची पोरं रात्री अंधारात दिसायचे चष्मे लावून हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. दिव्यानं त्यांचे डोळे दिपतात."

"आणि त्यांच्या घरघरीनं माझ्या शेळ्या गाभडतात, त्याला नियम कुठाय? या महिन्यात तिघींची करडं अवेळी पडली."

"ते माझ्या हातात नाही."

"मग आहे काय तुझ्या हातात? टोपण?"

डेल्विन ओशाळला. "उजेड नसला की त्यांना मांजरासारखं दिसतं हो."

"असं?" ओतिलियानं जुनी बादली दिव्यावर उपडी ठोकली. मग चुन्याचा डबा घेऊन ती सत्तरीची बाई शिडीवरून छपरावर चढली आणि पत्र्यावर पुरुषभर अक्षरं ओढू लागली : 'खाली गाभण शेळ्या. लांबून जा.'

"अहो, हे चालणार नाही!"

"का रे? हा काय उजेड आहे? मांजरासारखं दिसतंय ना, मग वाचू देत की!"

डेल्विननं नियमांचा कागद खिशात कोंबला आणि डुगडुगणारी शिडी दोन्ही हातांनी धरली.