टर्बोशेठचा सायलेन्सर

भावजी घरी आले तरी लगेच घरात यायचे नाहीत. जीप अंगणात लावायची आणि इंजिन चालू ठेवून स्टीअरिंगवर हात टाकून बसून राहायचं. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा मला वाटायचं, माझा हा दीर माझ्यावर रागावलाय की काय. एकदा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून म्हणाल्या, "राग न्हाई गं, टर्बो थंड करतुया त्यो."

जीप टर्बोची होती. प्रवासी वाहायला जुनीच घेतलेली, पण पाथर्डीच्या स्टँडवर तशी दुसरी नव्हती, म्हणून सगळे त्यांना टर्बोशेठ म्हणायचे. टर्बो इंजिनात जास्तीची हवा फुंकतो, त्यामुळे भरलेली गाडीही चढ ओढते. पण तो तापतो फार. लांबून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर बिघडतो. भावजी म्हणायचे, "वहिनी, पळून आलेल्याला एकदम गप करू नये. जरा दम खाऊ द्यावा."

तेवढ्या वेळात आत्यांची भाकरी व्हायची. गाडी वळणावर ऐकू आली की तवा चुलीवर, इंजिन बंद झालं की भाकरी ताटात. आधी थापून ठेवलेली भाकरी त्यांनी भावजींना कधी वाढली नाही, आणि ते येण्याआधी स्वतः घास घेतला नाही.

त्याला कारण होतं. माझे सासरे ऊसतोडीला गेले आणि तिकडेच आजारी पडून वारले. निरोप घरी पोचला तेव्हा सगळं उरकून गेलेलं होतं. तोवर आत्या रोज त्यांची वाट बघत होत्या. जो माणूस राहिलाच नाही त्याच्यासाठी आपण रस्त्याकडे बघत बसलो, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. भावजी एकदा मला म्हणाले होते, "आईला ताटकळत ठिवायचं न्हाई. आपला देवधर्म म्हंजी एवढाच."

एका पावसाळ्यात जीपचा सायलेन्सर गंजून गळून पडला. भावजींनी कंपनीचा नवा बसवला. गाडी इतकी मुकी झाली की वळणावरून आलेली कळेना. आत्यांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने अधू झालेले. त्यांचा सगळा भरवसा कानांवर. कुठल्याही गाडीचा आवाज आला की त्या चुलीपासून उठून दारात जायच्या आणि हळूच परत यायच्या. दोन-चार दिवस भावजींनी ते पाहिलं आणि तो सायलेन्सर परत नेला.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मग त्यांना दुसरे दोन दाखवले. एक म्हणजे नुसती सरळ नळी. मिस्त्रींचं म्हणणं, टर्बोला मागून मोकळं लागतं, धूर अडला की गाडी दमते. ही नळी गाडीला सगळ्यात बरी. दुसरा जाड नळीचा, मध्ये जाळीचा डबा असलेला. भावजींनी दोन्ही आलटून-पालटून बसवून घेतले आणि दर वेळी वळणापर्यंत जाऊन परत आले. आत्यांना विचारून उपयोग नव्हता. लेकाची गाडी म्हटल्यावर त्यांना सगळंच गोड लागायचं. म्हणून त्यांनी मला अंगणाच्या भिंतीपाशी उभं केलं. "वहिनी, आईच्या कानानं ऐका."

मी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. जीपमध्ये मिस्त्रीही बसून आलेले. ते म्हणाले, "टर्बोशेठ, सायलेन्सर घेतुया का पोरगी बघतुया? आवाज ऐकून पसंती!"

"पोरीचं यवढं ऐकून घ्यायला कोन जातंय," भावजी म्हणाले. "बोला वहिनी."

मी पदर तोंडाशी धरून सांगितलं, "नुसती नळी नको. ती अंगावर येती. जाळीचा घ्या. त्यो लांबनं घुमतो, आपलं मानूस खाकरल्यावानी."

भावजींनी मिस्त्रींच्या पाठीत थाप मारली. "झालं काम! काढ तुजी ती बोंबलनारी नळी."

त्या घरात माझा शब्द कोणी तसा झेलल्याचं मला दुसरं आठवत नाही. पुढे दोन वर्षं मी तो आवाज रोज ऐकला. वळणावर घुमायचा, ओढ्यात उतरताना दबायचा आणि अंगणात येऊन धपापत राहायचा. भावजी इंजिन बंद करून विचारायचे, "वहिनी, आवाज आला का वळनावरनं?" मी मान हलवायची. "तोंडानं सांगा की. मान काय गाडीतनं दिसती व्हय?"

ऊस कारखान्याला जात होता त्या दिवसांत, दिवेलागणीला, रस्त्यात एक उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता. प्रवासी उतरवून भावजी एकटेच घराकडे निघाले होते. जीपची उजवी बाजू फाटली. इंजिन शाबूत राहिलं आणि मागचा तो सायलेन्सरही. या वेळी निरोप लगेच आला. आत्यांनी तवा अजून चुलीवर टाकला नव्हता.

जीप चालवायला घरात कोणी नव्हतं. माझ्या नवऱ्याने ती पुढच्या गावच्या भानुदासला विकली. त्याने ती नीट करून त्याच रस्त्यावर लावली. पहिल्या संध्याकाळी वळणावर आवाज घुमला आणि आत्यांनी तवा चुलीवर टाकला.

माझ्या नवऱ्याला ते बघवेना. "आई, ती आपली गाडी न्हाई आता."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाल्या. "माजा ल्योक मीच न्हाऊ घालून धाडला. पन हात ऱ्हात न्हाई रं."

जीप न थांबता पुढे निघून जायची. आत्या भाकरी भाजून ताटात ठेवायच्या आणि मग स्वतः जेवायच्या. ती ताटातली भाकरी सकाळी म्हशीला जायची. रोज असंच. मला त्यात वेडेपणा दिसला नाही. माझा नवरा मात्र भानुदासकडे गेला आणि सगळं सांगून आला. भानुदास भला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्याने लगेच कंपनीचा मुका सायलेन्सर बसवला आणि जुना आमच्या अंगणात आणून ठेवला. या वेळी मला कोणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी जीप रस्त्यावरून गेली. मी पाहिली. आत्यांना कळलंच नाही. पीठ मळून ठेवलं होतं, चूल पेटलेली होती, आणि त्या वळणाकडे कान लावून बसल्या होत्या.

"आज उशीर झाला गं गाडीला," त्या म्हणाल्या.

चूल विझली तरी त्या उठल्या नाहीत. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. सासऱ्यांच्या वेळी बसल्या असतील तशाच बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. जीप वळणावर दिसली तेव्हा मी तोंडाशी धरलेला पदर सोडला. मग मी, आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "आत्या, गाडी वळनावर आली!"

पलीकडच्या शेतातल्या बायांनी माना वर केल्या. आत तवा चुलीवर वाजला. मी तिथेच उभी राहिले, टर्बो थंड व्हायला लागायचा तेवढा वेळ.

आतून आत्यांनी विचारलं, "बंद केली का गं?"

"केली," मी म्हणाले.

भाकरी ताटात पडली. मग आत्यांनी आपलं ताट ओढून घेतलं.